जलाशयावरील करमणूक-सोयींची खर्चविभागणी
धरणाच्या जलाशयावर उद्यान, नौकाविहार इ. सोयी केल्यास त्यांचा भार शासनाच्या कोणत्या स्तराने उचलावा, हे ठरविणारी व्यवस्था. अमेरिकेत १९६५ च्या संघीय कायद्याने ती निश्चित झाली : केवळ करमणुकीसाठी पडणाऱ्या जादा खर्चाचा किमान निम्मा वाटा आणि देखभालीचा सर्व खर्च राज्याने वा स्थानिक संस्थेने सोसावा, असे त्या मूळ कायद्यात होते.

भारतात पाणी हा मुख्यतः राज्यसूचीतील विषय (नोंद १७). बीड जिल्ह्यातील सिंदफणेवरील माजलगाव व मांजरेवरील धनेगाव ही धरणे राज्य शासनाने सिंचन व पाणीपुरवठ्यासाठी बांधली. जिल्हा परिषदेकडे १०० हेक्टरपर्यंतचीच सिंचनकामे असल्याने या जलाशयांच्या काठावर तिचा अधिकार नाही आणि म्हणून वाटाही नाही. माजलगाव ज्या जायकवाडी प्रकल्पाचा भाग आहे, त्याच्या पैठण धरणाजवळ राज्याने संत ज्ञानेश्वर उद्यान उभारले. परंतु पुढे त्याची दुरवस्था झाली. उभारणीपेक्षा देखभाल जड जाते, हा अनुभव अमेरिकी कायद्याने आधीच गृहीत धरला होता. बीडमध्ये अवर्षणाचा प्रश्न याहून बिकट : २०१६ मध्ये धनेगावचा जलाशय आटला व त्यावर विसंबलेल्या लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी पुरवावे लागले. अशा जलाशयावरील नौकांच्या देखभालीची हमी कोणती नगरपरिषद देईल?