ऑपरेशननंतर पेशंटला कसे झोपवायचे? कारण समजले की घरीही जमते अन् नर्सिंगच्या परीक्षेतही

ऑपरेशन चांगले झाले म्हणून घरचे निर्धास्त होतात. पण पुढचे काही दिवस पेशंट कसा झोपतो, कसा बसतो यावरही बरेच अवलंबून असते. एएनएम, जीएनएमला शिकणाऱ्या मुली हीच माहिती तक्ता करून पाठ करतात आणि पेपरात प्रश्न थोडा फिरवला की अडतात. दोघांनीही स्वतःला एकच प्रश्न विचारावा : या पेशंटला आत्ता सर्वात मोठा धोका कशाचा आहे?

शुद्ध येईपर्यंत
पूर्ण भूल दिलेला पेशंट गुंगीत असतो. उताणे ठेवले तर जीभ मागे पडून श्वास अडू शकतो, उलटी झाली तर ती फुप्फुसात जाऊ शकते. म्हणून दुसरे काही कारण नसेल तर त्याला कुशीवर ठेवतात. गुंगीत असताना तोंडात पाणी घालू नये.

कमरेत इंजेक्शन देऊन भूल दिली असेल तर डोके दुखू नये म्हणून काही तास उशीशिवाय सपाट झोपवण्याची जुनी पद्धत आहे. नुसते सपाट झोपल्याने ही डोकेदुखी टळते असे नंतरच्या अभ्यासात दिसले नाही. तरी पाय बधिर असतात, बीपी उतरू शकतो. म्हणून सिस्टरने सांगेपर्यंत पेशंटला उठवू नये.

पोटाचे ऑपरेशन
डोक्याकडची बाजू ३० ते ४५ अंश उंच आणि गुडघे किंचित वाकलेले, याला सेमी-फाउलर म्हणतात. यात पोटाचा ताण कमी होतो, टाके ओढत नाहीत, श्वास मोकळा होतो. अमेरिकन सर्जन जॉर्ज फाउलर यांच्यावरून हे नाव पडले. पोटात पू झालेल्या पेशंटला ते अर्धवट बसते ठेवत, म्हणजे पू खाली ओटीपोटात उतरे.

घरी बाजेला झोळ पडतो, त्यामुळे लाकडी खाट किंवा पलंग बरा. पाठीमागे लोड किंवा घडी केलेल्या गोधड्या द्याव्यात. गुडघ्याखाली जाड उशी तासन् तास ठेवू नये. पायातला रक्तप्रवाह मंदावून गाठ होण्याचा धोका वाढतो. डॉक्टरांनी परवानगी दिली की थोडे थोडे चालवावे.

खुबा, पाय आणि डोळा
खुबा बदलला असेल तर सांधा निखळण्याची भीती असते. दोन्ही पायांमध्ये उशी ठेवावी. मांडी घालणे, उकिडवे बसणे, पायावर पाय टाकणे बंद. भारतीय पद्धतीचा संडास असेल तर कमोडची खुर्ची पेशंट घरी यायच्या आधीच आणून ठेवावी.

पाय कापावा लागला असेल तर सूज उतरण्यासाठी पहिले २४ तास उरलेला भाग उंच ठेवतात. नंतर उशी काढतात आणि डॉक्टर सांगतील तसे दिवसातून काही वेळा पालथे झोपवतात. नाहीतर खुब्याचा सांधा वाकडा आखडतो आणि पुढे कृत्रिम पाय बसवणे अवघड जाते.

मोतीबिंदू काढला असेल तर त्या डोळ्याच्या कुशीवर झोपू नये.

पेपरात प्रश्न आला तर
समजा प्रश्न असा आहे : टॉन्सिल काढलेले सहा वर्षांचे मूल अजून गुंगीत आहे, कोणती पोझिशन द्याल? पर्याय : उताणे, कुशीवर, बसते, डोके खाली-पाय वर.

पर्याय नंतर बघावेत, आधी धोका शोधावा. जखम घशात आहे, म्हणजे रक्त श्वासनलिकेत जाण्याची भीती. उताणे ठेवले तर रक्त मागे जाईल. बसते ठेवावे तर मूल गुंगीत आहे. डोके खाली केले तर घशाकडे रक्ताचा दाब वाढेल. उरले कुशीवर, त्यात रक्त तोंडातून बाहेर येते. हेच मूल सारखे आवंढे गिळत असेल तर आत रक्त वाहत असण्याची शक्यता असते, हा पुढचा ठरलेला प्रश्न.

प्रश्नातली वेळही नीट वाचावी. पाय कापल्यानंतरचा पहिला दिवस आणि तिसरा दिवस यांची उत्तरे वेगळी आहेत. दोन पर्याय बरोबर वाटले तर श्वास वाचवणारा आधी, मग रक्तस्राव थांबवणारा, त्यानंतर दुखणे कमी करणारा. लिव्हर बायोप्सीनंतर उजव्या कुशीवर का? लिव्हर उजवीकडे असते, अंगाच्या वजनाने तिथे दाब पडतो आणि रक्त थांबायला मदत होते.

घरच्यांनी लक्षात ठेवावे
स्वतः हलता न येणाऱ्या पेशंटची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी, माकडहाड आणि टाचा रोज बघाव्यात. तिथली लाली जात नसेल तर ती जखमेची सुरुवात समजावी. एका पायाची पोटरी सुजून दुखू लागली, टाके उसवले किंवा रक्त येऊ लागले तर लगेच दवाखाना गाठावा. अचानक धाप लागली तर वाट न बघता १०८ ला फोन करावा.

ऑपरेशन आणि पेशंट बदलला की पोझिशनही बदलते. म्हणून सुट्टी मिळताना "कसे झोपवायचे, किती दिवस आणि काय टाळायचे" हे तिन्ही डॉक्टरांकडून डिस्चार्ज कार्डावर लिहून घ्यावे.