आपला पेपर आपण बघायचा

दोस्तांनो, मी मंठ्याचा. गिरणीत पाळ्या भरतो. वस्तीतला एक दोस्त एम. ए. ला नापास झाला. म्हणाला, "सायबानं मार्क दिले, आता काय?" हा 'आता काय' आपल्या बापजाद्यांचा आहे. तो मोडायचा.

इतिहास बघा. महाराष्ट्र बोर्डाच्या पोरांनी तपासलेले पेपर दाखवा म्हणून मुंबई हायकोर्ट गाठलं, जिंकली. १९८४ साली सुप्रीम कोर्टानं तो निकाल फिरवला. सत्तावीस वर्षं पेपर गठ्ठ्यातच. मग २००५ चा माहितीचा अधिकार आला आणि ९ ऑगस्ट २०११ ला त्याच कोर्टानं सांगितलं : तपासलेली उत्तरपत्रिका परीक्षार्थ्याला बघता येते.

फेरतपासणी मात्र विद्यापीठाच्या नियमानं, मुदतीतच. यूजीसीच्या २०२३ च्या नियमांत तक्रार समिती आहे, तिच्यावर लोकपाल. पण नुसतं 'मार्क वाढवा' लोकपालाकडं चालत नाही. निकाल बदलेल अशी ठोस गडबड किंवा भेदभाव दाखवावा लागतो. पेपर न बघता दाखवणार काय?

म्हणून आधी पेपर मागा. अर्जाची पोच घ्या. दोस्ताचा अर्ज आम्ही रात्री बसून लिहिला. मार्क वाढतील न वाढतील. सही करताना त्याचा हात कापला नाही.

जय भीम.