वेगळ्या चुलींचा हिशेब

पेंढाऱ्यांच्या भयाने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी अमरावतीभोवती परकोट उभा राहिला. आत वाडे, वाड्यांत गोतावळे. पुढे शहर परकोटाबाहेर पसरले, ते केवळ लोकसंख्येने नव्हे, वाटण्यांनीही. जनगणना कुटुंब मोजते ते एका चुलीवरून. २०११ साली अमरावतीची लोकसंख्या सुमारे ६.४७ लाख होती. चुलीमागे सहा माणसे धरली, तर १.०८ लाख घरे पुरतात. चारच धरली, तर १.६२ लाख लागतात. एकही माणूस न वाढता ५४ हजार घरांची निकड! अकोल्यालाही हेच गणित लागू. एलकुंचवारांचे ‘वाडा चिरेबंदी’ (१९८५) आम्ही ऱ्हासाची कथा म्हणूनच शिकवत आलो. त्यातला सुधीर मुंबईत वेगळा संसार थाटतो, म्हणजे एक घर वाढते. दादी मात्र वाड्यातच वेळ विचारीत बसलेली असते.