टॉवर लोकेशन आणि ओंकारेश्वरचा पूल

‘टॉवर लोकेशन काढलं की सापडलाच’ असं हल्ली कट्ट्यावर कुणीही सांगतं. मालिकांमध्ये तर दोन मिनिटांत नकाशावर लाल ठिपका लुकलुकायला लागतो.

मंडळी, टॉवरच्या नोंदीत असा ठिपका नसतो. फोन त्या क्षणी कुठल्या टॉवरच्या कुठल्या बाजूच्या अँटेनाला जोडलेला होता, एवढंच त्यात असतं. एका टॉवरला साधारण तीन तोंडं, प्रत्येकाच्या वाट्याला १२० अंशांची फाक. खेड्यात ही फाक कित्येक किलोमीटर जाते, पेठांत टॉवर दाट म्हणून ती आखूड होते. तरी तेवढ्यात किती वाडे, किती सोसायट्या, किती अभ्यासिका! त्यातून जवळच्या टॉवरवर गर्दी असली तर फोन लांबचा टॉवर धरतो. मी सदाशिव पेठेत घरी बसलेलो असताना माझा फोन नारायण पेठेतल्या टॉवरवर असू शकतो. (दोन्ही पेठांना हे आवडणार नाही, पण फोनला पेठेची हद्द कळत नाही.)

याची परीक्षा आपल्या दारातच झाली. २० ऑगस्ट २०१३. सकाळी फिरायला निघालेल्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांवर ओंकारेश्वरजवळच्या पुलावर गोळ्या झाडल्या गेल्या. पोलिसांनी परिसरातल्या टॉवरांचा डेटा काढला, म्हणजे त्या वेळात तिथे नोंदलेले सगळेच नंबर. सकाळी त्या भागात कोण असतं हे आपल्याला वेगळं सांगायला नको. फिरायला आलेले, देवळात निघालेले, दूधवाले, रिक्षावाले, क्लासची पोरं. अशा यादीत हे सगळे येतात. फोन घरी ठेवून आलेला माणूस तेवढा येत नाही.

२०१४ मध्ये उच्च न्यायालयाने तपास सीबीआयकडे दिला. त्याच वर्षी तपासात प्लँचेट केल्याचा आरोप झाला, पोलिसांनी तो फेटाळला. तोही अंधश्रद्धा निर्मूलनवाल्या माणसाच्या खुनात! सचिन अंदुरे आणि शरद कळसकर हाती लागले ते ऑगस्ट २०१८ मध्ये, एटीएसने नालासोपाऱ्यात शस्त्रसाठा पकडला त्यानंतर. मधे पाच वर्षं गेली होती. कंपन्यांवर कॉलच्या नोंदी जपायचं बंधन त्या काळी एकच वर्षाचं होतं (डिसेंबर २०२१ मध्ये ते दोन वर्षं झालं). म्हणजे २०१८ मध्ये नव्याने समोर आलेल्या माणसाचं २०१३ मधलं लोकेशन तपासायचं, तर आधी काढून ठेवलेलं जे असेल त्यावरच भिस्त.

१० मे २०२४ ला पुण्याच्या विशेष न्यायालयाने या दोघांना जन्मठेप दिली, तिघांना निर्दोष सोडलं. शिक्षेचा मुख्य आधार होता प्रत्यक्षदर्शींची साक्ष. त्यातला एक साक्षीदार त्या सकाळी तिथे कामावर असलेला महापालिकेचा सफाई कर्मचारी होता.