फादरबरोबर गेलेला पोरगा

२५ एप्रिल १९६०. संत मार्कचा सण. लाओसच्या उत्तरेकडच्या डोंगरात किउकातियाम नावाच्या, ह्मोंग या डोंगरी जमातीच्या गावातून सकाळची मिस्सा आटोपून दोघं जण पायी निघाले. एक होता फादर मारियो बोर्झागा, इटलीतल्या त्रेन्तोचा, वय सत्तावीस. दुसरा त्याच गावातला पॉल थॉ शिओंग, वय एकोणीसच्या आसपास. आदल्या दिवशी, रविवारी, लांबच्या एका वस्तीवरची माणसं आली होती. आमच्याकडे आजारी आहेत, तुम्ही या, असं त्यांचं म्हणणं होतं. वाट काही दिवसांची, डोंगरातली. फादरने औषधं घेतली, पॉलला सोबत घेतलं आणि दोघं गेले. ते परत आले नाहीत.

मी ही हकिकत वाचली तेव्हा माझं मन फादरपाशी थांबलं नाही. ते त्या पोराच्या मागे मागे जाऊ लागलं. कारण आमच्या घरातही एक असाच चालणारा होता. माझे आजोबा नगर जिल्ह्यातल्या मिशनचे मास्तर. तिकडे १८७८ पासून जर्मन येशूसंघीय आले, पुढे इतर देशांचे आले. प्रत्येक फादरच्या पुढे-मागे गावोगावचे हे मास्तर असत. मुलांना अक्षर ओळख करून द्यायची, संध्याकाळी प्रार्थना घ्यायची, कुणी आजारी पडलं तर फादरला निरोप धाडायचा, आणि फादर आले की कुठल्या वाडीत आधी जायचं, कुठल्या घरी पाणी मागायचं, हे सांगायचं. आजोबा म्हणायचे, "फादर बोलायचे, पण लोक माझ्या तोंडाकडं बघायचे. मी मान हलवली की मगच त्यांना पटायचं." हे सांगताना त्यांच्या बोलण्यात फुशारकी नसायची. कामाची पद्धत सांगावी तसं सांगायचे.

म्हणून मी मारियोकडे पॉलच्या बाजूने बघतो.

मारियोचा जन्म २७ ऑगस्ट १९३२ चा. अकराव्या वर्षी सेमिनरीत गेला, पुढे निष्कलंक मारियेच्या ओब्लेट संघात आला, फेब्रुवारी १९५७ मध्ये त्याला गुरुदीक्षा मिळाली आणि त्याच वर्षीच्या ३१ ऑक्टोबरला इटालियन ओब्लेटांच्या पहिल्या तुकडीबरोबर तो लाओससाठी बोटीत बसला. त्याची रोजनिशी पुढे 'एका सुखी माणसाची रोजनिशी' अशा अर्थाच्या नावाने छापली गेली. त्या सुखी माणसाचं पहिलं वर्ष मात्र जड गेलं. आधी लाओ भाषा, मग डोंगरात गेल्यावर ह्मोंग. दोन्ही जिभेवर बसेनात. न येणारी भाषा हाच आपला क्रूस, असं त्याने लिहून ठेवलं. बोलता येत नसेल तर हाताने करू, म्हणून तो दवाखाना चालवू लागला. जखमा धुणं, ताप उतरवणं, गोळ्या वाटणं. गावकऱ्यांनी त्याला ओळखलं ते या हातांवरून.

ज्याला बोलता येत नाही, त्याला पॉल लागतो. हा मुलगा किउकातियामचाच. पाक्सानच्या सेमिनरीत काही काळ शिकला, परत आला, आपल्या लोकांत धर्मशिक्षक म्हणून राहिला. फादरचं अडखळतं वाक्य पॉलच्या तोंडून बाहेर पडलं की ते ह्मोंग माणसाचं होत असणार. वाट त्याला माहीत, वस्त्या माहीत, कुणाच्या घरात कुठल्या कुळाचा मान आहे हे माहीत. आजोबांनी नगरच्या दुष्काळी गावांत जे केलं तेच तो पोरगा लाओसच्या डोंगरात करत होता. फरक एवढाच, की नगरला कुणी बंदूक घेऊन वाट अडवत नव्हतं.

त्या दिवसांत तिथे काय चाललं होतं ते सांगितलं पाहिजे, नाहीतर दोघांच्या मरणाला नुसता दैवयोग म्हटलं जाईल. १९५४ च्या जिनिव्हा करारानंतर फ्रेंच सत्ता संपली, राज्य राजाचं राहिलं, आणि उत्तर व्हिएतनामच्या पाठबळावर पाथेट लाओ हे कम्युनिस्ट सैन्य डोंगराडोंगरांत पसरत गेलं. १९५९ पासून लढाई पुन्हा पेटली. ज्या रविवारी ती वस्तीवरची माणसं फादरकडे आली, त्याच २४ एप्रिलला लाओसमध्ये निवडणुकीचं मतदान सुरू झालं होतं. उजव्या गटाने ती निवडणूक उघड उघड फिरवली, पाथेट लाओला एकही जागा मिळाली नाही. अमेरिकेचा पैसा देशात आधीच वाहत होता. अशा वेळी डोंगरवाटेवर दिसणारा गोरा माणूस बंदूकवाल्यांना अमेरिकन हेरच वाटणार. आणि गोऱ्याचा धर्म म्हणजे गोऱ्याचं राज्य, हे त्यांना शिकवलेलंच होतं. त्यांच्या रागाला कारणं होती, हे मी नाकारत नाही. पण गोळ्यांची डबी घेऊन आजाऱ्याकडे निघालेल्या माणसाला मारण्याचं समर्थन त्यातून होत नाही, कधीच होणार नाही.

त्या दोघांचं काय झालं हे कितीतरी वर्षं कुणी कागदावर लिहू शकलं नाही. प्रेतं सापडली नाहीत, आजही त्यांची कबर नाही. १९७५ मध्ये कम्युनिस्टांचं राज्य पूर्ण आलं, परदेशी फादरांना देश सोडावा लागला. हजारो ह्मोंग कुटुंबं मेकाँग ओलांडून थायलंडच्या छावण्यांत गेली, तिथून अमेरिकेत, फ्रान्समध्ये. त्यांच्याबरोबर गोष्टीही गेल्या. हे लोक मुळात तोंडी परंपरेचे. आपलं पुस्तक फार पूर्वी नदी ओलांडताना हरवलं, अशी त्यांची एक दंतकथा आहे. रोमन अक्षरांत त्यांची भाषा लिहिण्याची रीत पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीला तयार झाली, आणि ती घडवणाऱ्या तिघांपैकी एक होते याच किउकातियाममध्ये मिशन सुरू करणारे ओब्लेट फादर इव्ह बेर्त्रे. छावण्यांत ह्मोंग बायकांनी कापडावर सुईदोऱ्याने पळापळीचा, बंदुकांचा, नदीचा इतिहास भरला. जिथे दप्तर नाही तिथे म्हाताऱ्यांची आठवण आणि बायकांची सुई हेच दप्तर.

अशाच आठवणींतून, दबक्या आवाजातल्या साक्षींतून, ती शेवटची घटना जुळत गेली. दोघांना वाटेत पाथेट लाओच्या लोकांनी पकडलं. पकडणाऱ्यांत ह्मोंगही होते. फादरला त्यांनी अमेरिकन ठरवलं. पॉल विनवू लागला: हा अमेरिकन नाही, इटालियन आहे, भला माणूस आहे, सगळ्यांचं करतो. ते ऐकेनात. तू आमच्यातला, तू पळ, असं त्याला सांगण्यात आलं. तो हलला नाही. याला मारणार असाल तर मलाही मारा, हा जिथे मरेल तिथे मी मरेन, जगेल तिथे जगेन, अशा अर्थाचं तो बोलला. त्यांनी दोघांनाही मारलं.

पॉलच्या या बोलण्यापाशी मी पुन्हा पुन्हा जातो. मारियोला निवड उरली नव्हती. तो गोरा होता, त्याचा चेहराच त्याचा गुन्हा ठरला होता. (तो आला तेव्हाच निवड करून आला होता, हे खरं.) पण त्या वाटेवर, त्या क्षणी, जाण्याची मोकळीक एकट्या पॉलला मिळाली होती. त्याचं गाव मागेच होतं, भाषा त्याची होती, मारणाऱ्यांत त्याच्या रक्ताची माणसं होती. तरी तो थांबला. ख्रिस्ती धर्म हा परक्यांचा, असं म्हणणाऱ्यांना याहून सरळ उत्तर मला माहीत नाही.

आजोबांच्या काळात मिस्सा संपल्यावर वेदीसमोर गुडघे टेकून रशियासाठी प्रार्थना म्हणायची रीत होती. जगभर होती, साठच्या दशकाच्या मध्यापर्यंत चालली. आजोबांना कम्युनिझम माहीत होता तो या प्रार्थनेपुरता. लाओस नावाचा देश आहे हे त्यांना ठाऊक असण्याची शक्यता नाही. तरी पॉलची गोष्ट त्यांना सांगितली असती तर ती समजायला त्यांना वेळ लागला नसता. एकदा पटकीच्या साथीत फादर एका वाडीत शिरले तेव्हा लोकांनी आजोबांना बाहेर थांबायला सांगितलं होतं, घरी लहान लेकरं आहेत म्हणून. आजी हे सांगायची, आजोबा नाही. "मग?" असं आम्ही विचारलं की ती म्हणायची, "मग काय, फादरला आमची बोली कुठं येत होती?" आजोबा आत गेले होते.

लाओसमध्ये १९५४ ते १९७० या काळात मारल्या गेलेल्या सतरा रक्तसाक्ष्यांना ११ डिसेंबर २०१६ रोजी धन्यवादित म्हणून, म्हणजे संतपदाच्या आधीच्या पायरीवर, घोषित केलं गेलं, आणि तेही तिथल्या राजधानीत, व्हिएन्तियानमध्येच, कम्युनिस्ट सरकार सत्तेवर असताना, त्याच्या परवानगीने. पोपचे प्रतिनिधी म्हणून फिलिपिन्सचे कार्डिनल ओरलांदो केवेदो आले होते, तेही ओब्लेटच. सतरांपैकी अकरा परदेशी मिशनरी. एक लाओ धर्मगुरू, जोसेफ थाओ तिएन, १९५४ मध्ये मारला गेलेला. उरलेले पाच जण त्याच भागातले साधे ख्रिस्ती: पॉल थॉ शिओंग, जोसेफ उथाय, लुक सी, मायसाम फो इनपेंग आणि थॉमस खाम्फुआन. खाम्फुआन तर सोळा वर्षांचा होता. १९६८ च्या मे महिन्यात फादर लुसिएँ गालाँ यांच्याबरोबर तो मारला गेला.

मारियो आणि पॉल यांचं या घोषणेसाठीचं प्रकरण पहिल्यापासून एकत्र चाललं, दोन नावं एका कागदावर. हे फार योग्य झालं. आमच्याकडे जुन्या चर्चांच्या भिंतींवर फादरांच्या तसबिरी आहेत, खाली जन्ममृत्यूच्या तारखा आहेत, आणि त्या असायलाच हव्यात. मास्तरांची नावं मात्र म्हाताऱ्यांच्या तोंडी उरली आहेत, आणि ते म्हातारे आता थोडे आहेत. हरेगावला सप्टेंबरात मतमाउलीच्या, म्हणजे मारियामातेच्या, यात्रेला गावोगावची मंडळी जमतात. तिथे मंडपात बसलेल्या वयस्क बायांना मी विचारतो, तुमच्या गावात मास्तर कोण होते? त्या आधी फादरचं नाव सांगतात. मी थांबतो. मग एखादी म्हणते, "आमचे मास्तर होय?" आणि सांगू लागते, आणि शेजारची तिला मध्येच अडवून दुरुस्त करते, आणि मी दोघींचं लिहून घेतो.