500 वर्षांची शुद्ध बिअर आणि सहज न सापडणारं तणनाशक

आज एका बाटलीची गोष्ट सांगतो. बाटली प्यायची नाहीये, तपासायची आहे.

साल 2016. जर्मनीत मोठ्या वाढदिवसाची तयारी चालली होती. 1516 मध्ये बव्हेरियात कायदा झाला होता की बिअरमध्ये फक्त जव, हॉप्स आणि पाणी, बाकी काही नाही. त्याला 500 वर्षं होणार होती. आणि नेमकं फेब्रुवारीत म्युनिकच्या एका पर्यावरण संस्थेने 14 लोकप्रिय बिअर तपासल्या. चौदाच्या चौदांमध्ये ग्लायफोसेट निघालं! हो, तेच तणनाशक, जे आपल्याकडच्या शेतातही मारतात. लिटरला 0.46 पासून 29.74 मायक्रोग्रॅमपर्यंत. तिथे पिण्याच्या पाण्यासाठी मर्यादा आहे 0.1.

सरकारी संस्थेने सांगितलं, अपाय व्हायला दिवसाला सुमारे 1000 लिटर बिअर प्यावी लागेल. ठीक आहे. पण माझा प्रश्न वेगळाच होता. जव भिजवलं, मोड आणले, भट्टीत वाळवलं, उकळलं, आंबवलं. तरी हे औषध टिकलं कसं? तर ते पाण्यात छान विरघळतं आणि उकळल्याने उडून जात नाही.

आणि हाच गुण प्रयोगशाळेला त्रास देतो. थोडं मागे जाऊया.

1957 च्या सुमारास ब्रिटिश शास्त्रज्ञ जेम्स लव्हलॉक यांनी एक छोटा डिटेक्टर बनवला. क्लोरीन असलेली रसायनं तो अगदी कणभर असली तरी पकडायचा. डीडीटीचा माग लागला तो अशा यंत्रांमुळे. पण ग्लायफोसेटमध्ये क्लोरीनच नाही!

मग 2003 मध्ये अनास्तासियादेस, लेहोटे आणि सहकाऱ्यांनी 'क्वेचर्स' पद्धत मांडली. कृती जवळजवळ स्वयंपाकघरातली. 10 ग्रॅम नमुना, 10 मिलिलिटर अॅसिटोनायट्राइल नावाचं द्रावण, वरून मीठ आणि मॅग्नेशियम सल्फेट. जोरात हलवा, मशीनमध्ये गरगर फिरवा. नमुना कोरडं धान्य असेल तर आधी पाणी घाला. मिठामुळे पाणी खाली बसतं, द्रावण वर येतं आणि बरीचशी कीटकनाशकं त्याच्यासोबत वर येतात. आंबवलेल्या धान्यात आम्लं आणि साखर असते. ती यंत्राला गोंधळात टाकते, म्हणून एका पावडरने ती आधी काढून घेतात. मग एकाच फेरीत शेकडो रसायनं तपासता येतात.

फक्त ग्लायफोसेट वर येत नाही. ते खाली पाण्यातच बसून राहतं, आणि तो थर आपण तपासतच नाही.

गंमत बघा, यावरचा उपायही अनास्तासियादेस यांच्याच श्टुटगार्टच्या प्रयोगशाळेतून आला. त्याचं नाव 'कुप्पे'. यात थर वेगळे करायचेच नाहीत. पाण्यात मिसळणारं मिथेनॉल घ्यायचं, त्यात थोडं आम्ल, आणि तो अर्क थेट रेणूंचं वजन ओळखणाऱ्या यंत्रात सोडायचा.

मला यातून एवढंच कळलं. 1516 च्या कायद्याने बिअरमध्ये काय घालायचं ते ठरवलं, पण जवासोबत शेतातून काय येतं ते त्या कायद्याला दिसणं शक्यच नव्हतं. आजचा रिपोर्टसुद्धा तसाच असतो. 'आढळले नाही' म्हणजे 'नाहीच' असं नसतं. पुढच्या वेळी एखाद्या पिठाचा किंवा माल्टचा रिपोर्ट हातात आला, तर दोन गोष्टी बघा: कोणकोणती रसायनं शोधली होती, आणि किती कमी प्रमाणापर्यंत शोधली होती.

भेटू पुढच्या भागात. तोवर ऐकत राहा, आणि प्रश्न विचारत राहा!