सेंद्रिय रेड वाइन : एक मळा, दोन वर्षे

फ्रान्सच्या बोजोले भागात छोट्या सेंद्रिय वाइन उत्पादकाकडे गेलात, तर एकाच मळ्याची २०२१ आणि २०२२ची रेड वाइन शेजारी ठेवून चाखा. द्राक्ष तेच, गामे. एप्रिल २०२१च्या कडाक्याच्या थंडीने कोवळे कोंब करपले, पुढे पाऊस लांबला. वाइन हलकी, आंबटसर. २०२२ उष्ण, कोरडे. वाइन गडद, भरदार.

सेंद्रिय मळ्यात रासायनिक बुरशीनाशके वर्ज्य. केवड्यावर मुख्य आधार तांब्याचा, भुरीवर गंधकाचा. युरोपीय संघात तांब्यालाही मर्यादा आहे : सात वर्षांत हेक्टरी २८ किलो. त्यामुळे ओल्या वर्षी पीक हातचे जाऊ शकते. म्हणून चवीबरोबर एक प्रश्न जरूर विचारा : त्या वर्षी किती द्राक्षे हाती लागली?